प्राध्यापक विद्यानंद आणि लाल्या

(नभोवाणीवरून केलेले भाषण)

श्रोतेहो, शाळामास्तराने नाटक-चित्रपटांविषयी बोलावे, याचा त्याला अधिकार कोणता, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात उभा राहील, आणि तो रास्तच आहे. मी पदवीधर नाही. जुन्या अकरावीची मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झालो, अध्यापनाची पदविका घेतली, आणि पुढे ३९ वर्षे घाटकोपर-मुलुंडच्या बाजूस मुलांना भाषा व गणित शिकविले. साहित्याची समीक्षा हा माझा प्रांत नव्हे. तथापि एखाद्या नाटकात शिंप्याचे काम असेल, तर नटाने कात्री बरोबर धरली की नाही हे पंडितांपेक्षा गल्लीतला शिंपीच अधिक चांगले सांगेल. त्याच न्यायाने, ज्या नाटकाचा नायक शिक्षक आहे त्या नाटकाविषयी दोन शब्द बोलण्याची मोकळीक आपण एका सेवानिवृत्त पंतोजीस द्यावी, एवढीच विनंती करून मी विषयाकडे वळतो.

नाटक आहे श्री. वसंत कानेटकर यांचे ‘अश्रूंची झाली फुले’. ते १९६६ साली रंगभूमीवर आले. श्री. प्रभाकर पणशीकर यांच्या नाट्यसंपदा या संस्थेने ते केले. स्वतः पणशीकरांनी प्राध्यापक विद्यानंदांची भूमिका केली, आणि लाल्या या उनाड विद्यार्थ्याचे काम डॉ. काशिनाथ घाणेकर यांनी केले. तीनच वर्षांनी, १९६९ साली, या नाटकावरून ‘आंसू बन गये फूल’ हा हिंदी चित्रपट निघाला. मराठी नाटकाने हिंदी पडद्यावर जाणे ही त्या काळी रोजची गोष्ट नव्हती. त्यातून शिक्षक व विद्यार्थी यांच्या नात्यावरचे नाटक, म्हणजे तर अपवादच.

कथा थोडक्यात अशी. विद्यानंद हे एका महाविद्यालयाचे तत्त्वनिष्ठ प्राचार्य. लाल्या हा त्यांचा विद्यार्थी. दांडगा, गुंड, सर्वांनी ओवाळून टाकलेला. प्राचार्य त्याला शिक्षा करून हाकलून देत नाहीत. त्याच्या दांडगाईच्या आत जे एक पोरके मन आहे, त्यास ते हात घालतात, आणि मुलगा सुधारतो. इतका भाग आपण अनेक कथांतून वाचलेला असतो. परंतु कानेटकर येथे थांबत नाहीत. संस्थेतील स्वार्थी मंडळी या प्रामाणिक माणसावर पैशाच्या अपहाराचा खोटा आळ घेतात. विद्यानंद तुरुंगात जातात. तुरुंगातून बाहेर येतात ते प्राचार्य विद्यानंद नव्हेत. जगाने ज्याला चोर ठरविले तो आता जगाला चोर होऊन दाखवावयास निघालेला एक सूडाने पेटलेला मनुष्य असतो. आणि त्या वाटेवर त्यांच्यासमोर येऊन उभा राहतो तो त्यांचाच लाल्या, पोलीस अधिकारी झालेला. ज्याला गुरूने चिखलातून काढले, त्याच्यावर आता गुरूला चिखलातून काढण्याची पाळी येते.

हे कथानक लिहिणारा लेखक स्वतः अध्यापक होता, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. कानेटकर नाशिकच्या हं. प्रा. ठा. महाविद्यालयात मराठीचे प्राध्यापक होते. ‘रविकिरण मंडळा’चे कवी गिरीश हे त्यांचे वडील, घरात विद्येचेच वातावरण. महाविद्यालये, त्यांच्या समित्या, देणग्या, हिशेब आणि हेवेदावे हे सारे त्यांनी प्रेक्षागृहातून नव्हे, तर शिक्षकांच्या खोलीतून पाहिलेले होते. पुढे १९७२ मध्ये त्यांनी ‘हिमालयाची सावली’ लिहिले, त्यातही एका थोर शिक्षणवेड्या पुरुषाच्या घरची माणसे काय सोसतात हेच त्यांनी दाखविले. विद्यादानाच्या उदात्ततेची किंमत कोणाला तरी मोजावी लागते, ही गोष्ट या लेखकाला चांगली ठाऊक होती.

श्रोतेहो, हे नाटक मी प्रथम पाहिले तेव्हा पाचवी-सहावीत होतो. उपनगरांत आज मुलुंडला कालिदास नाट्यमंदिर आहे, पार्ल्यास दीनानाथ मंगेशकर नाट्यगृह आहे, बोरिवलीस प्रबोधनकार ठाकरे नाट्यमंदिर आहे. त्या काळी यांपैकी काहीही नव्हते. नाटक पाहावयाचे म्हणजे घाटकोपरहून गाडीने दादर गाठावयाचे, आणि परतताना शेवटची गाडी चुकू नये म्हणून वडिलांचे बोट धरून पुलावरून धावावयाचे. वडील एका कापडगिरणीत कारकून होते. वर्षाकाठी एक नाटक, एवढीच आमच्या कुटुंबाची ऐपत. त्या वर्षीचे नाटक हे होते.

मला त्या रात्रीचे जे आठवते ते प्रामाणिकपणे सांगावयाचे, तर विद्यानंद मला मुळीच आठवत नाहीत. आठवतो तो लाल्या. तो रंगमंचावर आला मात्र, आणि मागच्या बाकांवरून जी शीळ उठली, ती मी आजही ऐकू शकतो. नाटकांच्या जाहिरातींत इतर सर्व नटांची नावे झाल्यावर शेवटी ‘आणि डॉ. काशिनाथ घाणेकर’ असे छापण्याची प्रथा पडली होती, ती उगीच नव्हे. पेशाने हा गृहस्थ दंतवैद्य. ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ या नाटकातील संभाजीने १९६२ पासून त्याला घरोघर नेले होते. आणि लाल्याने तर त्याला शाळाशाळांतून नेले. त्याची चालण्याची तऱ्हा, त्याचे मराठीत हिंदी मिसळून बोलणे, त्याचे ते एक पालुपद, या साऱ्याची नक्कल दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत आम्ही केली, आणि तिसऱ्या दिवशी तीबद्दल छड्या खाल्ल्या.

पुढे शिक्षक झाल्यावर या गोष्टीचा विचार माझ्या मनात अनेकदा आला. सुधारलेल्या लाल्याची नक्कल आमच्यापैकी एकानेही केली नव्हती. आम्ही उचलला तो बिघडलेला लाल्या. नाटककाराने मुलाच्या उद्धाराची कथा लिहिली, आणि मुलांनी तीतून उनाडकी तेवढी घरी नेली! पण यासाठी मी नाटकास दोष देणार नाही. लाल्या जर आरंभी इतका मोहक नसता, तर त्याच्यासाठी विद्यानंदांचा जीव का तुटावा, हे आम्हांस कळलेच नसते. वाईट म्हणून नोंद झालेल्या मुलात काहीतरी विलक्षण देखणे असते. शिक्षकाला ते दिसावे लागते. घाणेकरांनी ते हजारभर प्रेक्षकांना दाखविले. लोक टाळ्या वाजवीत होते त्या गुंडगिरीला नव्हे. तिच्या आड जो जिवंतपणा होता त्याला, असे मी आज मानतो.

आता चित्रपटाकडे येऊ. ‘आंसू बन गये फूल’चे दिग्दर्शक होते श्री. सत्येन बोस. या दिग्दर्शकाच्या हाती हे नाटक जावे यात मला मोठे औचित्य वाटते. कारण शिक्षक आणि विद्यार्थी हा विषय त्यांनी आधीच आपलासा केला होता. १९४९ मध्ये त्यांनी बंगालीत ‘परिवर्तन’ हा चित्रपट केला, आणि त्यावरूनच १९५४ मध्ये हिंदीत ‘जागृति’ केला. ‘जागृति’ हा आपल्या गोरेगावच्या फिल्मिस्तानचा चित्रपट. एक हूड, श्रीमंत घरचा मुलगा. त्याचा कुबड्या घेऊन चालणारा गरीब मित्र. आणि छडीऐवजी प्रेमाने शिकवू पाहणारा नवा शिक्षक, अशी ती कथा आहे. मित्राच्या मृत्यूने त्या हूड मुलाचे मन पालटते. त्यातील शिक्षक मुलांना आगगाडीतून देशदर्शन घडवितो, ते गीत लिहिणारे कवी प्रदीप हे विलेपार्ल्याचे रहिवासी. शिक्षकाचे काम करणारे अभि भट्टाचार्य आणि तो चित्रपट, दोघांनाही फिल्मफेअरचा पुरस्कार मिळाला. पुढे पाकिस्तानात त्याच कथेवर ‘बेदारी’ नावाचा चित्रपट निघाला. म्हणजे सीमेच्या दोन्ही बाजूंच्या मुलांना तोच मास्तर हवासा वाटला! १९६४ च्या ‘दोस्ती’तही बोसबाबूंनी दोन निराधार मुलांची मैत्री रंगविली, आणि त्यातही एक सहृदय शिक्षक आहेच.

हे उपनगरांचे ऋणानुबंध येथेच संपत नाहीत. विद्यानंदांचे काम पडद्यावर केले अशोककुमार यांनी. मालाडच्या बॉम्बे टॉकीजमध्ये प्रयोगशाळेत काम करणारा हा तरुण १९३६ मध्ये अनपेक्षितपणे नट झाला, आणि १९४३ मध्ये ज्या मंडळींनी तेथून बाहेर पडून गोरेगावी फिल्मिस्तान उभारली, त्यांतही तो होता. फिल्मिस्तानच्या संस्थापकांपैकी दुसरे शशधर मुखर्जी हे अशोककुमारांच्या बहिणीचे यजमान. त्यांनीच पुढे अंधेरीस फिल्मालय काढले. आणि ‘आंसू बन गये फूल’मध्ये विद्यार्थ्याची भूमिका करणारा देव मुखर्जी हा त्यांचा मुलगा. तेव्हा पडद्यावर जे गुरुशिष्य दिसतात ते वस्तुतः मामा-भाचे होते. ज्याने नाशिकला बसून नाटक लिहिले, त्याला आपले विद्यानंद आणि लाल्या एकाच कुटुंबातून निघतील अशी कल्पना खचितच नसेल.

हा चित्रपट मी पाहिला तो पुष्कळ उशिरा, १९८४ च्या सुमारास, भाड्याने आणलेल्या व्हिडिओवर, शेजारच्या बिऱ्हाडात. तोवर मी सात वर्षांचा मुरलेला मास्तर झालो होतो. आणि काय आश्चर्य! या वेळी मला लाल्या दिसलाच नाही. दिसले ते विद्यानंद.

याचे कारण काही अंशी माझ्या वयात होते, काही अंशी माध्यमात. रंगभूमीवर नट आणि प्रेक्षक यांच्यामध्ये प्रत्यक्ष देवघेव चालते. शीळ येते, तिने नट फुलतो, त्याच्या फुलण्याने आणखी टाळी पडते. लाल्यासारखी भूमिका अशा हवेत वाढते, आणि कधी कधी नाटकाच्या छपरालाही लागते. पडद्यावरच्या नटाला आपली शीळ ऐकू येत नाही. तेथे कॅमेरा ज्याच्या चेहऱ्याजवळ जाईल तो मोठा. अशोककुमारांचा तो थकलेला, समजूतदार, किंचित गोंधळलेला चेहरा जवळून पाहताना, हा मनुष्य आता मोडणार, हे आपणांस त्याच्याही आधी कळते. नाटकात दोन प्रवेशांमधल्या काळोखात जी वर्षे निघून जातात, ती प्रेक्षकाने आपल्या मनात जगावयाची असतात. चित्रपटाला ती दाखवावी लागतात. दाखविल्याने काही सोपे होते, काही सपाटही होते. नाच-गाण्यांची भर पडते, योगायोग वाढतात. तथापि मूळ कथेचा कणा शाबूत राहिला, हे मान्य केलेच पाहिजे. कथेसाठी कानेटकरांना, आणि साहाय्यक नटाच्या भूमिकेसाठी प्राण यांना, १९७० साली फिल्मफेअर पुरस्कार मिळाले. खलनायक म्हणून ज्यांची धास्ती होती त्या प्राणना तुरुंगातील सोबत्याच्या भूमिकेत लोकांनी प्रेम दिले, हेही या कथेच्या स्वभावाशी जुळणारेच झाले. या कथेत कोणीच कायमचा वाईट नाही, आणि कोणीच कायमचा सुरक्षितही नाही.

श्रोतेहो, हा जो दुसरा भाग, कोणीच सुरक्षित नाही हा, तोच मला या कृतीचा खरा गाभा वाटतो. आपल्या साहित्यातील शिक्षक बहुधा दोन प्रकारचे असतात. एक हास्यास्पद, टोपी-उपरणे सावरणारा, मुलांनी ज्याच्या खुर्चीत खाजकुइली टाकावी असा. किंवा मग दुसरा, संत. साने गुरुजींसारखा शिक्षक आपल्या महाराष्ट्रात प्रत्यक्ष होऊन गेला. १९२४ पासून सहा वर्षे त्यांनी अमळनेरच्या शाळेत मुलांना शिकविले. त्यांच्या ‘श्यामची आई’वर आचार्य अत्र्यांनी १९५३ मध्ये चित्रपट काढला, आणि तो राष्ट्रपतींच्या सुवर्णपदकाचा पहिला मानकरी ठरला. अत्रे स्वतःही एके काळचे मुख्याध्यापकच. ‘जागृति’तील शिक्षक याच संतमालिकेतला. तो मुलांना बदलतो, स्वतः मात्र बदलत नाही, नदीकाठच्या खांबासारखा. पूर येतो, ओसरतो, खांब तेथेच.

विद्यानंद हा असा खांब नाही. तो वाहून जातो. आणि कानेटकरांचे धाडस असे, की तो वाहून गेल्यावर त्याने पूर्वी केलेले काम मात्र उरते, हे त्यांनी दाखविले. शिक्षक ढासळला, पण त्याने शिकविलेले ढासळले नाही. ते विद्यार्थ्याच्या ठिकाणी जिवंत राहिले, आणि वेळ येताच व्याजासह परत आले. आमच्या व्यवसायाला याहून मोठा दिलासा कोणता? आम्ही माणसे काही फार थोर नसतो. आम्हांला पगारवाढ हवी असते, बढती हवी असते, शेजारच्या तुकडीचा निकाल आमच्याहून चांगला लागला की पोटात दुखते. तरीही वर्गात उभे राहून आम्ही स्वतःपेक्षा काहीतरी मोठे बोलत असतो. ते बोलणे आमच्यापेक्षा अधिक टिकाऊ आहे, असे हे नाटक सांगते.

१९८४ मध्ये हा चित्रपट पाहून मी डोळे पुसले, आणि विद्यानंदांच्या जागी मनोमन जाऊन बसलो. कोणता शिक्षक बसणार नाही? आपण सज्जन, जग कृतघ्न, हे चित्र आपल्या प्रत्येकाच्या उशाशी टांगलेले असते.

आता मला जे सांगावयाचे आहे ते सांगणे सोपे नाही. परंतु या भाषणाचे निमंत्रण मी स्वीकारले ते याच कारणाने.

१९८८ साली मी एका शाळेत सातवीचा वर्गशिक्षक होतो. वर्गात एक मुलगा होता. त्याचे नाव मी घेणार नाही. डोंगराच्या उतारावरील वस्तीतून येई. खिडकीच्या काचा, पेरूच्या चोऱ्या, मारामाऱ्या, कोठेही काही घडले की प्रथम त्याचे नाव निघे, आणि दहांतून सात वेळा ते खरे असे. मला तो आवडत असे. माझ्या वर्गातील लाल्या, असे मी घरी त्याच्याविषयी कौतुकाने बोलत असे. जानेवारीत सहल ठरली. वर्गणीचे २०० रुपये पाकिटात घालून मी मेजावर ठेवले होते. दुपारी पाहतो तो पाकीट नाही. मधल्या सुट्टीत वर्गात कोण होते? तो होता. डबा आणला नव्हता म्हणून एकटाच बाकावर बसून होता.

मी त्याच्यावर आरोप केला नाही. एवढेच केले, की मुख्याध्यापकांनी विचारले तेव्हा, वर्गात कोण होते ते सांगितले, आणि पुढे गप्प बसलो. त्या गप्प बसण्याचा अर्थ त्यांनी लावावयाचा तो लावला. मुलाच्या वडिलांना बोलावणे गेले. ते हातगाडी ओढीत. कार्यालयात, आम्हां चौघांच्या देखत, त्यांनी मुलाच्या थोबाडीत मारली. मुलगा रडला नाही. त्याने एकदाच माझ्याकडे पाहिले. मी हजेरीपटात डोके घातले. वडील म्हणाले, ‘गुरुजी, याचा दाखला द्या.’ तो दाखला मीच लिहिला. शाळा सोडण्याचे कारण, या रकान्यात लिहिले: ‘पालकांच्या विनंतीवरून.’ वर्तणूक, या रकान्यात लिहिले: ‘चांगली.’ तसे लिहिण्याची रीतच आहे. चोर म्हणून ज्याला घालविले त्याची वर्तणूक मी माझ्या वळणदार अक्षरात चांगली म्हणून नोंदविली, आणि त्यात मला त्या दिवशी काही विसंगत वाटले नाही. उलट, आपण मुलावर केवढा उपकार केला असेच वाटले.

जूनमध्ये नवे वर्ष सुरू झाले. जुने हजेरीपट कपाटात ठेवताना एकाचे खाकी वेष्टन सैल लागले. ते नीट करावयास गेलो, आणि आतून पाकीट निघाले. दोनशे रुपये, पूर्ण. माझ्याच हाताने मी ते हजेरीपटात ठेवले असणार, आणि ते वेष्टनात सरकले असणार.

मी मुख्याध्यापकांकडे गेलो. ते भले गृहस्थ होते. म्हणाले, ‘मुलगा तर गेला. आता उकरून काय मिळणार? शाळेचे नाव जाईल, तुमचेही जाईल. पैसे भरून टाका.’ मी पैसे भरले, पावती घेतली. आठवीत गेलेल्या त्या वर्गाला, ज्या चाळीस मुलांनी आपला सोबती चोर म्हणून गेलेला पाहिला होता त्यांना, मी काहीही सांगितले नाही. शाळेचे नाव हे निमित्त. मला त्यांच्या डोळ्यांतले माझे स्थान गमवावयाचे नव्हते. एक पत्र मात्र लिहिले, मुलाच्या वडिलांच्या नावे. आठ दिवसांनी ते परत आले. पाकिटावर पोस्टमनने लिहिले होते, पत्त्यावरून सोडून गेले. एका रविवारी मी त्या वस्तीतही जाऊन आलो. त्यांच्या खोलीत दुसरे कुटुंब राहत होते. ते गावी गेले की कल्याणच्या पुढे कोठे गेले, याविषयी दोघांनी दोन गोष्टी सांगितल्या. त्यानंतर मी शोध घेतला नाही. ते परत आलेले पत्र माझ्यापाशी अजून आहे.

२०१९ मध्ये हे नाटक पुन्हा रंगभूमीवर आले. श्रीमती प्रतिमा कुलकर्णी यांचे दिग्दर्शन, आणि लाल्याच्या भूमिकेत श्री. सुबोध भावे, त्यांनीच आदल्या वर्षी चित्रपटात डॉ. घाणेकरांचे काम केले होते. मी मुलुंडला ते पाहिले. तोवर सेवानिवृत्त होऊन तीन वर्षे झाली होती. नव्या पिढीने लाल्यासाठी शिळा घातल्या. ऐकून बरे वाटले. पण विद्यानंदांवर पैशांचा आळ येतो त्या ठिकाणी मी खुर्चीत चुळबुळू लागलो. ३५ वर्षे मी स्वतःला विद्यानंदांच्या जागी बसवीत आलो होतो. त्या रात्री मला उमगले, की ती जागा माझी नव्हतीच. खोटा आळ ज्याच्यावर आला तो मी नव्हतो. ज्यांना ठाऊक होते आणि जे बोलले नाहीत, त्यांच्या रांगेत कोठेतरी माझी जागा होती. विद्यानंदांच्या जागी होता तो तेरा वर्षांचा मुलगा. आणि त्याला सोडवावयास कोणी लाल्या येणार नव्हता.

नाटकावर मी येथे एक आक्षेप नोंदवू इच्छितो, तो आदरपूर्वकच. नाटक सांगते, की चांगल्या शिक्षकाचे काम वाया जात नाही, पेरलेले उगवते. हे खरे आहे. पण जे एक पेरलेले उगवते म्हणून आपण आनंद मानतो, त्याच नियमाने दुसरेही उगवतच असणार. माझे ते हजेरीपटात घातलेले डोके कोठे उगवले असेल? तो मुलगा आज पन्नाशीत असेल. शाळा, मास्तर, दाखला हे शब्द ऐकले की त्याच्या मनात काय येत असेल? आपल्या मुलांना त्याने शिक्षकांवर विश्वास ठेवावयास सांगितले असेल काय? विद्यानंदांना सूडाच्या वाटेवर ढकलावयास जगाला एक खोटा आरोप पुरला, आणि ते तर प्रौढ, विद्वान, विवेकी गृहस्थ होते. मुलाला किती थोडे पुरत असेल!

आणि म्हणूनच मला वाटते, की हे नाटक व हा चित्रपट विद्यार्थ्यांपेक्षाही शिक्षकांनी आणि पालकांनी अधिक पाहावा. मात्र विद्यानंदांच्या जागी बसून नव्हे. रंगमंचावरच्या सज्जनासाठी रडणे फार स्वस्त असते. तिकिटाच्या दरात ते मिळते. महाग असते ते एकच वाक्य, योग्य वेळी, योग्य ठिकाणी उच्चारलेले. ‘साहेब, मी स्वतः पाकीट शोधलेले नाही, आज रात्रभर थांबू या,’ एवढे वाक्य त्या दिवशी मी बोललो असतो, तर मला काय पडले असते? जास्तीत जास्त थोडा कमीपणा. तो कमीपणा वाचविण्यासाठी मी जे दिले, त्याची किंमत मी इतकी वर्षे हप्त्याहप्त्याने भरतो आहे, आणि मुद्दल तसेच आहे.

आपल्या घरी एखाद्या दिवशी शाळेतून चिठ्ठी येईल, की मुलाने अमुक केले. ते खरे असेलही. तथापि हात उगारण्यापूर्वी मुलाला एकदा विचारावे, आणि त्याचे उत्तर संपेपर्यंत ऐकावे. आणि माझ्या तरुण व्यवसायबंधूंना इतकेच सांगेन: वर्गातील ज्या मुलाचे नाव प्रत्येक तक्रारीत प्रथम निघते, त्याच्या बाबतीत पुरावा दुप्पट मागावा, कारण त्याच्या बाजूने मागणारे दुसरे कोणी नसते.

त्या वर्गातील चाळीस मुले आज कोठे कोठे विखुरली असतील. काही उपनगरांतच असतील, आणि कदाचित हे भाषण त्यांपैकी एखाद्याच्या कानी पडत असेल. १९८८ च्या जूनमध्ये वर्गासमोर उभे राहून जे मी सांगावयास हवे होते, ते आज सांगतो. मुलांनो, ते पाकीट चोरीस गेले नव्हते. ते माझ्याच हजेरीपटात होते. तुमच्या सोबत्याने ते घेतले नव्हते. त्याची वर्तणूक चांगली होती.